तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्त्या: फिलाडेल्फिया, मार्च २०२५

अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा, एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरचा गट, दरवर्षी मार्चमध्ये भरते. २०२५ ची स्पर्धा २० ते २२ मार्चला फिलाडेल्फियात होती. आम्ही राहतो पिट्सबर्गला, त्याच पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यात हिवाळ्यापासून कोल्हापूरचे मामा आमच्याकडे आलेले. गंगावेश तालमीत तरुणपण काढलेला माणूस. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, पण नजर अजून तीच. त्यांना न दाखवता ही स्पर्धा जाऊ देणं शक्यच नव्हतं.

आमचं लक्ष होतं इथल्याच पेन स्टेट विद्यापीठाच्या संघावर. केल सँडरसन २००९ मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले. स्वतः कॉलेजात १५९ कुस्त्या लढले आणि एकही हरले नाहीत. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. ते आल्यावर २०११ ते २०२४ या काळात पेन स्टेटने अकरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२४ ला तर १७२.५ गुण करून स्पर्धेच्या इतिहासातला विक्रमच केला. त्यामुळे यंदा 'जिंकणार का' असं कुणी विचारतच नव्हतं. विचारत होते ते हे, की स्वतःचाच विक्रम हा संघ मोडेल का, आणि दहा वजनगटांतले दहाच्या दहा पैलवान पहिल्या आठात येतील का? पहिल्या आठात आलेल्याला इथे 'ऑल-अमेरिकन' म्हणतात. दहाही जण ऑल-अमेरिकन होण्याची करामत तोवर फक्त मिनेसोटाने २००१ मध्ये केली होती, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी त्यांचा एकही पैलवान विजेता नव्हता. तरी संघ पहिला आला. हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "एक बी पहिला न्हाई, आन् गदा त्यांनाच?"

बुधवार, स्टेट कॉलेज

सरळ फिलाडेल्फियाला न जाता वाटेत स्टेट कॉलेजला, पेन स्टेटच्या गावी, थांबलो. पिट्सबर्गहून तीनेक तासांचा रस्ता, आल्टूनापर्यंत डोंगरातून. सावलीच्या बाजूला अजून बर्फाचे पांढरे पट्टे होते आणि वारा गाडी हलवत होता. सौभाग्यवतींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती वाटेतच संपली.

पेन स्टेटची घरची लढत जिथे होते तो रेक हॉल १९२९ चा, लाल विटांचा. १९५३ ची राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली होती आणि त्या वर्षी पेन स्टेटने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं होतं. संघ फिलाडेल्फियाला गेला होता, त्यामुळे सगळं शांत. शेजारीच कुस्तीसाठी वेगळं सरावकेंद्र आहे. मामा त्या बंद दाराशी उभे राहून काचेला हात लावून आत बघत होते. त्यांनी खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. खाशाबाही कॉलेजचाच पैलवान, राजाराम कॉलेजचा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "एका प्राचार्यानं घर टाकलं म्हणून पदक आलं," मामा म्हणाले. "इथं आख्खी इमारत हाय. आपल्या पोरांना असं कवा मिळायचं?" मलाही तो प्रश्न पुढचे सगळे दिवस सोडेना.

विद्यापीठाच्या क्रीमरीत आइस्क्रीम खाल्लं. गोकुळला दूध घालणाऱ्या घरातला माणूस, त्यामुळे दुधाची चव त्यांनी पहिल्या घासातच ओळखली आणि पसंतीची मान डोलावली. थंडी असूनही रांग होती. आमच्या पुढे एक आजी उभ्या होत्या, निळी टोपी घातलेल्या. आम्ही कुस्तीला निघालोय कळल्यावर त्यांनी दहाही पैलवानांची नावं वजनासकट म्हणून दाखवली. १२५ पौंडांत ल्यूक लिलेडाल, पहिल्या वर्षाचं पोरगं. १३३ ला ब्रेडन डेव्हिस, १४१ ला बो बार्टलेट, १४९ ला शेन वॅन नेस, १५७ ला टायलर कसाक, १६५ ला मिचेल मेसनब्रिंक. १७४ ला लीवाय हेन्स, जो आदल्या वर्षी १५७ ला विजेता होता आणि आता दोन गट वर चढून लढत होता. १८४ ला कार्टर स्टारोची, १९७ ला जॉश बार आणि सगळ्यात वर, २८५ पौंडांत, ग्रेग कर्कव्हलीट, आदल्या वर्षीचा विजेता.

आजींना काळजी कुणाची वाटते असं विचारलं. त्या म्हणाल्या, "हरेल त्याची नाही वाटत. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठेल की नाही, त्याची वाटते."

रात्री उशिरा फिलाडेल्फियात पोचलो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गुरुवार, पहिला दिवस

हॉटेलच्या नाश्त्याला मामा चहाचा कप घेऊन बसले आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "हा पैलवान. तो बी पैलवान. त्यो म्हातारा बी एके काळचा पैलवान." त्यांनी कान बघितले होते. मातीवर काय आणि मॅटवर काय, घासून घासून कान फुटतात, रक्त साकळतं आणि गोळ्यासारखे घट्ट होतात. मामांचा डावा कान तसाच आहे. समोरच्या टेबलावरच्या सत्तरीच्या गृहस्थांनीही तो बघितला, स्वतःच्या कानाला बोट लावून हसले आणि ताट घेऊन आमच्याकडेच आले. शाळेतल्या पोरांना आयुष्यभर कुस्ती शिकवलेले मास्तर. पुढे तिन्ही दिवस ते आमच्याबरोबरच बसले.

मी दोघांच्या मधे दुभाषा. मास्तरांना खाशाबांबद्दल सांगितलं आणि हेही, की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी खाशाबांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानाने शिकवलं होतं. ते ऐकून मास्तरांनी मामांचा हात हातात घेतला आणि काही वेळ सोडलाच नाही.

स्पर्धा वेल्स फार्गो सेंटरमध्ये होती. शहराच्या मध्यातून ब्रॉड स्ट्रीटची भुयारी गाडी पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला, एनआरजीला, उतरायचं. तिथून पायी पाच-दहा मिनिटं. गाडी आणून पार्किंगला पैसे घालवू नका. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून खिशात मावेल तेवढंच घ्या. आणि ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी लढणार त्याचा तक्ता, कागदावर छापून न्या. फोनवर सगळं दिसतं, पण एकाच वेळी आठ मॅटवर कुस्त्या चालू असताना फोन चाळत बसलात तर समोरची चितपट हुकते. मामांनी पहिल्याच तासात ड्रॉवर पेनने खुणा करायला सुरुवात केली. पेन स्टेटच्या नावांभोवती गोल, जिंकला की रेघ.

पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरची जागा उत्तम. खालून एक मॅट दिसतो, वरून आठ. सुमारे १९ हजार माणसांचं सभागृह पहिल्याच सत्राला भरलेलं बघून मामा म्हणाले, "खासबागच की रं, वर नुसतं छप्पर."

ही कुस्ती आपल्याहून वेगळी. माती नाही, लंगोट नाही. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि काहींच्या कानांवर संरक्षक पट्टा. कुस्तीचे तीन भाग: पहिला तीन मिनिटांचा, पुढचे दोन प्रत्येकी दोन मिनिटांचे. पट काढून कब्जा घेतला की तीन गुण. खालचा निसटला तर त्याला एक. वर बसून समोरच्यापेक्षा एकूण किमान एक मिनिट जास्त दाबून ठेवलं तर त्यालाही शेवटी एक. मामांना हाच नियम सगळ्यात आवडला, कारण त्यांचं स्वतःचं बलस्थान होतं सवारी. पंधरा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. खांदे टेकले की, जगात कुठेही असो, कुस्ती संपली.

खरी मेख आहे सांघिक गुणांत. प्रत्येक वजनात ३३ पैलवान, म्हणजे एकूण ३३०. जिंकत पुढे गेलात की फेरीगणिक एक गुण. चितपट केलं तर वर दोन, पंधराच्या फरकाने जिंकलात तर दीड, आठ ते चौदाच्या फरकाने जिंकलात तर एक. हरलात तर घरी नाही जायचं. दुसऱ्या बाजूच्या ड्रॉत जायचं, तिथे प्रत्येक विजयाला अर्धा गुण आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढत यायची वाट मोकळी. दुसरा पराभव झाला की मात्र संपलं, पहिल्या आठात शिरलेल्यांना तेवढी क्रमांकाची शेवटची कुस्ती मिळते. शेवटी क्रमांकाचे गुण: पहिल्याला १६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, चौथ्याला ९, पाचव्याला ७, असे आठव्यापर्यंत.

मास्तरांनी कसाककडे बोट दाखवलं. आदल्या वर्षी हाच मुलगा पहिल्याच फेरीत हरला होता. मग दुसऱ्या ड्रॉतून लागोपाठ सात कुस्त्या जिंकून तिसरा आला. मामांनी कागदावर त्याच्या नावाभोवती दुसरा गोल काढला.

गुरुवार असल्यामुळे मामांचं खाणं शाकाहारी. सत्रांच्या मधे रीडिंग टर्मिनल मार्केटला गेलो. १८९३ पासूनचा जुना बाजार, जुन्या रेल्वे स्टेशनच्या पोटात. जुन्या वळणाने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या गाळ्यावर कणीक लांब वळून, पिळा घालून, भट्टीत टाकून काढलेला गरम प्रेट्झेल मिळतो. लोण्यात बुडवून हातात देतात. पांढरी टोपी घातलेली मुलगी इतक्या झरझर पिळे घालत होती की मामा खाणं विसरून तिच्या मनगटांकडे बघत राहिले. "पकड बघ पोरीची," म्हणाले.

रात्री बाहेर पडलो तर भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. मामांना माझंही जाकीट चढवून अंगावर दोन घालावी लागली, पण तोंडात कुस्तीच होती.

शुक्रवार, हरणाऱ्यांचा दिवस

सकाळी मोकळा वेळ होता म्हणून साउथ फिलीत नववी गल्ली आणि इटालियन मार्केट फिरलो. चीजस्टेक इथलं प्रसिद्ध, पण ते गोमांसाचं. बहुतेक दुकानांत चिकनचंही करून देतात, आधी विचारा. मामांनी खिशातून ठेच्याची पुडी काढून वर पसरली आणि मग मात्र मनापासून खाल्लं.

शुक्रवारी दोन गोष्टी शेजारी शेजारी घडतात. एका बाजूला उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेऱ्या, सगळा प्रकाश तिथे. दुसऱ्या बाजूच्या मॅटवर आदल्या दिवशी हरलेले. तिथे नाकात कापसाचे बोळे घातलेली, खांद्याला पट्टे बांधलेली पोरं, ज्यांचं पहिलं येण्याचं स्वप्न संपलेलं आहे, आणि तरी थोड्या विश्रांतीनंतर परत खडाखडी करतायत. एका विद्यापीठाचा मुलगा, नाव मला कळलं नाही, शेवटच्या क्षणी हरला आणि मॅटच्या कडेला गुडघ्यांवर बसून राहिला. जिंकलेला मुलगा परत आला, त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि दोघे हात हलवत निघून गेले. पंचांनी पुसणाऱ्या पोरांना खूण केली, त्यांनी रक्ताचा डाग फवारा मारून पुसला आणि पुढची जोडी आली.

याच सभागृहात २०११ ला मास्तरांनी अँथनी रॉबल्सला बघितलं होतं. ॲरिझोना स्टेटचा मुलगा, जन्मतःच एक पाय नसलेला. त्याने त्या वर्षी एकही कुस्ती न हरता १२५ पौंडांचं विजेतेपद घेतलं. सँडरसनच्या पेन स्टेटचं पहिलं विजेतेपदही त्याच वर्षी, याच छताखाली. रॉबल्स कुबड्या घेऊन कुठून आत आला ते मास्तरांनी बोटाने दाखवलं. मामांनी त्या दिशेने नमस्कार केला.

शुक्रवारच्या रात्री पेन स्टेटच्या लोकांचे चेहरे पडले. दहांपैकी तिघांनीच अंतिम फेरी गाठली: मेसनब्रिंक, स्टारोची आणि बार. लिलेडाल, बार्टलेट, वॅन नेस, कसाक, हेन्स, सगळ्यांची अंतिम फेरी हुकली. आमच्या मागे बसलेल्या तरुणांनी 'यंदा विक्रम नाही' म्हणून निकाल देऊन टाकला. मला मात्र क्रीमरीच्या रांगेतल्या आजी आठवत होत्या. मामा कागदावर बेरीज करत होते.

जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. पैसे वाचवायचे असतील तर अंतिम रात्रीपेक्षा शुक्रवार बघा. ज्यांचे संघ बाहेर पडतात ते लोक पुढच्या सत्रांची तिकिटं विकून घरी निघतात, तीही स्वस्तात मिळतात.

शनिवार, सकाळ आणि रात्र

शनिवारी सकाळच्या सत्राला बरेच जण येत नाहीत. रात्रीच्या अंतिम कुस्त्यांसाठी दम राखतात. माझं स्पष्ट मत आहे, एकच सत्र बघायचं असेल तर हेच बघा.

तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या क्रमांकाच्या कुस्त्या सकाळी होतात. आदल्या रात्री ज्याचं स्वप्न मोडलं तो मुलगा बारा-चौदा तासांनी पुन्हा वजन देऊन मॅटवर उभा असतो. लिलेडाल आला. तिसरा. बार्टलेट, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा, त्याचीही शेवटची कुस्ती, तिसरा. वॅन नेस तिसरा. कसाक, ज्याच्या नावाला मामांनी दोन गोल केले होते, तोही तिसरा. हेन्स तिसरा. एकापाठोपाठ एक, पाच जण. डेव्हिस आणि कर्कव्हलीट पाचवे आले. दहाच्या दहा ऑल-अमेरिकन झाले. सँडरसन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. उड्या नाहीत, आरोळ्या नाहीत. पोरगा मॅटवरून उतरला की उठायचे, डोक्यावर हात ठेवायचे, परत बसायचे. "असाच वस्ताद पाहिजे," मामा म्हणाले, आणि त्यांच्या तरुणपणीच्या वस्तादांची आठवण निघाली ती जेवणापर्यंत चालली. रात्रीच्या कुस्त्या सुरू व्हायच्या आधीच सांघिक विजेतेपद पक्कं झालं होतं.

रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प येणार होते म्हणून सुरक्षा कडक होती. रांगेत बराच वेळ गेला, पण आम्ही लवकर निघालो होतो. आत आता एकच मॅट, उंच मंचावर, बाकी सगळा अंधार.

मेसनब्रिंकने आयोवाच्या मायकेल कॅलिएंडोला हरवलं. हा मुलगा थांबतच नाही. पट काढतो, सोडतो, परत काढतो. आदल्या वर्षी अंतिम फेरीत तो हरला होता. हे त्याचं पहिलं विजेतेपद. बार आयोवाच्याच स्टीफन ब्युकॅननकडून हरला. स्टारोचीची गाठ नॉर्दर्न आयोवाच्या पार्कर केकाइसनशी होती. केकाइसन १८४ पौंडांचा गतविजेता. स्टारोची १७४ ला चार वर्षं जिंकून या गटात आलेला. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली आणि नंतर खेळाडूंना एक वर्ष जास्त मिळालं, म्हणून पाचवं विजेतेपद शक्य तरी होतं. ४-३ ने जिंकला. या स्पर्धेत पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच पैलवान. अख्खं सभागृह उभं राहिलं.

सगळ्यात मोठा धक्का मात्र सर्वांत वरच्या वजनात. मिनेसोटाचा गेबल स्टीव्हसन, टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, आणि समोर ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन, हवाई दलातला अधिकारी. शेवटची काही सेकंदं राहिली असताना हेंड्रिक्सनने कब्जा घेतला आणि ५-४ ने कुस्ती मारली. मामा खुर्चीवर उभे राहिले होते. मास्तर त्यांना धरून उभे.

शेवटचे आकडे असे: पेन स्टेट १७७, नेब्रास्का ११७, ओक्लाहोमा स्टेट १०२.५. नवा विक्रम. हॉटेलवर परतल्यावर मामांनी कागद माझ्यापुढे ठेवला. तिन्ही संघांचे विजेते दोन-दोनच होते. पेन स्टेटच्या दोन विजेत्यांचे क्रमांकाचे गुण ३२, आणि पाच तिसऱ्यांचे ५०. उपविजेत्याचे १२ आणि दोन पाचव्यांचे १४ धरून १०८. उरलेले ६९ एकेका फेरीतून, एकेका जास्तीच्या पटातून वेचलेले. "आपल्याकडं हरलेल्या पैलवानाचं नाव बी कोण घेत न्हाई," मामा म्हणाले. "हितं त्याच्याच जिवावर संघ जिंकला."

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या स्पर्धांत आणि तालमींच्या मैदानांत हरलेल्यासाठी दुसरी वाट, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक विजयाला संघासाठी मोल, असं काही व्हावं असं मला फार वाटतं. इनामाची एकच मोठी कुस्ती लावण्यापेक्षा त्याने जास्त पोरं मैदानात टिकतील.

२०२६ ची स्पर्धा १९ ते २१ मार्चला क्लीव्हलँडला ठरली होती, पिट्सबर्गहून गाडीने दोन-सव्वादोन तास. कुठल्याही वर्षी जा, राहायची जागा लवकर धरा, स्पर्धेच्या आठवड्यात हॉटेलं भरतात. बार्टलेट, स्टारोची आणि कर्कव्हलीट यांची कॉलेजची कुस्ती संपली. लिलेडाल, डेव्हिस, वॅन नेस, कसाक, मेसनब्रिंक, हेन्स आणि बार यांच्या पात्रतेची वर्षं तेव्हा शिल्लक होती. १४१, १८४ आणि २८५ ला कोण उभं राहतं त्यावर पुढचं गणित होतं. मामांनी कोल्हापूरला जाताना त्या तीन जागा कोऱ्या सोडून नवा कागद आखून नेलाय.